डाव्या बाजूच्या पाच रेषा

आयुष्यात मला 'सर' म्हणणारा एकच माणूस भेटला, आणि दिवसातून दहा वेळा माझी अक्कल काढणाराही तोच. मी ओतूरच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, पोरांनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या. कॉलेजातला शिपाईसुद्धा मला नावाने हाक मारायचा. पण जुन्नरला ज्यांच्या दुकानावरच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो, त्या चाचांनी पहिल्या दिवशी मला 'सर' म्हटलं आणि ते कायम ठेवलं. "ओ सर, कॉलेजात काय करता काय म्हाईत, पान्याची बादली जिन्यात ठिवू नये एवढं बी कळंना व्हय तुमाला?" असं ते म्हणायचे. 'सर' आणि पुढचं वाक्य यांचा मेळ बसत नाही हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तरी त्यांनी दाखवलं नाही.

चाचांचा धंदा काचेवर पाट्या रंगवण्याचा. एके काळी जुन्नरच्या बाजारपेठेत डॉक्टर, वकील, सोनार, हॉटेलवाला, ज्याची म्हणून काचेची पाटी होती ती चाचांच्या हातची. हे काम कागदावर लिहिण्यासारखं नसतं. काचेच्या मागच्या बाजूने रंगवायचं आणि पुढून वाचायचं. म्हणजे अक्षरं उलटी काढायची, आणि क्रमही उलटा. आधी अक्षराची काळी कड, मग अक्षराचा रंग, आणि सगळ्यात शेवटी मागची जमीन. एकदा मागचा रंग चढला की पुढची चूक कायमची आत कोंडली गेली. त्यामुळे चाचा कुठलीही गोष्ट पुढे जाऊ देण्याआधी थांबायचे, बघायचे, पुन्हा थांबायचे. त्यांच्याबरोबर भाजी आणायला जाणं ही शिक्षा होती.

नजर उलटी राहावी म्हणून ते रोज सकाळी दुकानाबाहेर उभे राहून वर्तमानपत्र उन्हासमोर धरायचे आणि मागून पुढचे मथळे वाचायचे. नवखा माणूस थबकायचा. एकदा एसटीला निघालेल्या एका पाहुण्याने भीतभीत सांगितलं, "बाबा, पेपर उलटा धरलाय तुमी." चाचा पेपर खाली न घेता म्हणाले, "पेपर बराबर हाय पावणं, तुमी उलट्या बाजूला उभं ऱ्हायलाय." पाहुणा खरंच फिरून पलीकडे गेला.

त्यांचा दुसरा शब्द म्हणजे 'सुकलं का?' हा प्रश्न ते रंगापुरता ठेवत नसत. कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, भावाभावांत वाटण्या झाल्या, कुणाचा ताप उतरला, की चाचा विचारायचे, "सुकलं का?" म्हणजे पक्कं झालं का, आता हात लावला तर डाग पडणार नाही ना. मी नोकरीत कायम झालो त्या दिवशी पेढे घेऊन गेलो तर पेढा हातात धरून त्यांनी तेच विचारलं. मी म्हटलं, ऑर्डर हातात आहे. "ऑर्डर हातात हाय, पगार हातात आला का? मंग ओलंच हाय," असं म्हणून त्यांनी पेढा खाल्ला. पगार पुढे चार महिने आला नाही.

फ्लेक्स आला आणि काचेच्या पाट्या संपल्या. दुसरा कुणी असता तर येईल त्याच्यापुढे रडगाणं गायला असता. चाचा गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवू लागले. "फ्लेक्स दोन पावसाळ्यात फाटतो. मी अजून फाटलो न्हाई," एवढंच त्यांचं त्यावरचं भाषण. पण नंबरप्लेट पुढूनच रंगवतात. त्यात त्यांचं मन रमत नव्हतं, हे मला दिसत होतं.

त्याच सुमारास मला रिमोटच्या गाड्यांचं वेड लागलं होतं. गावाकडून आई फोनवर म्हणायची, "लोकांची पोरं मोठी झाली की गाड्या सोडत्यात, तू मोठा होऊन धरल्यास." वारूळवाडीला एका मंगल कार्यालयामागच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही आठ-दहा जण रविवारी जमायचो. एक दातांचे डॉक्टर, एक टोमॅटोचे आडतदार, लोणी गावचे एक बागायतदार, बाकी गॅरेजवाले. जुन्या ठिबकच्या नळ्या अंथरून ट्रॅकच्या कडा केलेल्या. ह्या गाड्यांची वरची बॉडी म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचं पातळ टरफल असतं. ते आतून रंगवायचं. बाहेरून घासलं, आपटलं, चिखल बसला, तरी रंग शाबूत राहतो. जिथे रंग नको तिथे टेप चिकटवायची, फवारा मारायचा, मग टेप काढायची. ऐकायला सोपं आहे. पण टेपची कड कुठे केसभर उचललेली राहिली की रंग तिच्याखाली शिरतो, आणि सरळ रेषेला दाढीचे खुंट फुटल्यासारखं दिसतं.

माझी पहिली बॉडी लाल होती, मधे पांढरा पट्टा. टेप काढली तर पट्ट्याच्या जागेत लाल रंगाच्या मुळ्या. मी बाहेरून काळ्या मार्करने कड ओढून ते झाकायला बसलो होतो. चाचा भाडं मागायला म्हणून वर आले, आणि दारातच थांबले. भाडं विसरले. टरफल हातात घेऊन त्यांनी आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं, खिडकीच्या उजेडाला धरलं.

"ही काचच हाय की," ते म्हणाले. "वाकडी काच. आन रंग फुटलाय."

मी म्हटलं, "हो, म्हणून वरून काळी रेघ..."

"आतलं दुखनं आन वरून मलम? ठिवा ते पेन खाली."

त्या दिवशी ते टरफल खाली दुकानात गेलं ते तीन दिवस वर आलंच नाही. चाचांना कुणी शिकवावं लागलं नाही. गडद आधी, फिका नंतर, सगळ्यात मागे पांढरी जमीन, हे त्यांच्या हाडात होतं. पण त्यांनीही पहिल्या दिवशी एक चूक केलीच. काचेवर फुटलेला रंग ब्लेडने खरवडतात. त्यांनी सवयीने ब्लेड लावलं. रंग निघाला, आणि प्लास्टिकवर ब्लेडचा ओरखडा कायमचा राहिला. चाळीस वर्षं काचेवर हात बसलेला कारागीर त्या ओरखड्याकडे असा बघत होता की मलाच वाईट वाटलं. मी म्हटलं, जाऊ द्या चाचा, दुसरी आणू. त्यांनी ती बॉडी टाकू दिली नाही. दुकानात समोरच्या खिळ्याला टांगली. "ऱ्हाऊ द्या. हिनं लई शानपन शिकवलं," म्हणाले.

मग सुरू झाला हत्यारांचा शोध. पितळ चरा पाडत होतं. बांबूच्या काडीचे धागे सुटत होते. बाभळीचा काटा टोकाला मोडत होता. आठवडाभर आमच्या जिन्यात काड्याकाटक्यांचा कचरा. शेवटी अंगण झाडायच्या खराट्याची एक काडी त्यांनी तिरपी तासली, दगडावर घासली, आणि तिने रंग सोलला. प्लास्टिकला काही झालं नाही. जिद्दी माणसाला हवं ते झाडूत सापडतं, आणि आपण दुकानं पालथी घालत बसतो. जिथे काडीनेही रंग हटत नसे तिथे तिच्या टोकाला कापसाचा तंतू गुंडाळून इंजेक्शनवाल्यांचं स्पिरिट लावायचं. पण किती? मी एकदा बुडवून लावलं तर शेजारचा चांगला रंगही विरघळून आला. चाचांनी कपाळाला हात लावला. "सर, थेंब न्हाई लावायचा. नुसता वास लावायचा."

दुखणं होऊच नये म्हणूनही त्यांनी शिस्त घातली. टेप लावल्यावर तिची कड चमच्याच्या पाठीने तासभर घोटायची. फवारा लांबून, धुकं उतरल्यासारखा, पाच-सहा वेळा. टेप काढायची ती रंग अर्धवट ओला असताना, स्वतःवरच दुमडत, हळू. आणि टेप निघत असताना दुकानात कुणी बोलायचं नाही. एकदा एक पुढारी नव्या गाडीची नंबरप्लेट न्यायला आला. चाचांनी न बघता एक बोट वर केलं. पुढारी उभा. त्याच्या मागे चार कार्यकर्ते उभे. दहा मिनिटं त्या गल्लीत एवढी शांतता होती की समोरच्या सायकलवाल्याला वाटलं कुणीतरी गेलं, तो टोपी काढून उभा राहिला.

हळूहळू वारूळवाडीच्या सगळ्या गाड्या चाचांकडे यायला लागल्या. लोणीच्या बागायतदारांनी तर बॉनेटवर आपल्या शर्यतीच्या बैलाचं नाव घालून घेतलं. गडी हौशी. बॉडी न्यायला आले ते नारळ, हळद-कुंकू घेऊनच. नव्या गाडीची पूजा नको? चाचा चहा सांगायला बाहेर गेले होते. बागायतदारांनी विचार केला, ह्या गाडीचं सगळं आतून असतं, तर कुंकूही आतूनच पाहिजे. त्यांनी तेलात कालवलेल्या कुंकवाने आत ऐटीत स्वस्तिक काढलं. रंग अजून पुरता वाळला नव्हता. तेल रंगाच्या कडेखाली शिरलं, आणि चाचा चहा घेऊन येईस्तोवर बैलाच्या पांढऱ्या नावाला लाल पाझर फुटला होता.

बागायतदारांचा चेहरा उतरला. "चाचा, चुकलं वो माजं. टाकून द्या, दुसरी करू."

"देवाचं काम केलंय तुमी, त्यात चूक कसली," चाचा म्हणाले, आणि बॉडी कपाटात ठेवली. "गुरवारी या."

दोन दिवस ते त्या नावावर वाकून होते. तेल ओढायला त्यांनी वर शिळ्या भाकरीचा चुरा दाबून ठेवला, मग काडी, मग वास. गुरुवारी बैलाचं नाव पुन्हा दुधासारखं पांढरं. आणि त्यानंतर चाचांच्या दुकानातून जी बॉडी बाहेर पडली तिच्यात पुढच्या काचेखाली आतून एक तांबडा टिपका असायचा, मोहरीएवढा. मी विचारलं तर म्हणाले, "कुंकू लावूनच देतो. म्हंजी घरी कुनी लावायला नको." पाच वेळची नमाज न चुकवणारा हा माणूस मन लावून कुंकवाचा टिपका काढायचा. यात काही विशेष आहे असं त्यांना कधी वाटलं नाही आणि मीही सांगायला गेलो नाही.

त्यांचा एक नियम मात्र लोखंडाचा होता. फुटलेला रंग लपवायचा नाही. कुणी म्हणालं, चाचा, मागून पांढरा मारून टाका, लांबून कुणाला दिसतंय, तर ते बॉडी परत देऊन टाकायचे. एका गॅरेजवाल्याने वाद घातला की गाडी ताशी चाळीसच्या वेगाने पळते, कोण बघतंय. चाचा म्हणाले, "मी बघितलंय ना. बास झालं की." आडमुठेपणाच होता तो. मी रागावलोही आहे त्यांच्यावर, शर्यत उद्यावर आली आणि बॉडी ह्यांच्या कपाटात म्हणून. पण ह्या आडमुठेपणाची खरी किंमत चाचांना स्वतःला द्यावी लागली, तेव्हा मी गप्प झालो.

उन्हाळ्याचे दिवस होते. माझ्याच नव्या बॉडीवर चाचांनी टेप लावून ठेवली होती. निळी गाडी, दोन्ही बाजूंना पाच-पाच बारीक पांढऱ्या रेषा. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र त्यांच्या हातातून पडलं. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. नारायणगावच्या दवाखान्यात नऊ दिवस काढून घरी आले ते चालत, बोलत, पण उजवा हात पानासारखा थरथरत होता. मी म्हटलं राहू द्या. त्यांनी तशाही हाताने निळा फवारा मारला. टेप निघाली तशी दोन्हीकडच्या दहाही रेषा फुटलेल्या. त्यात पांढरा भरायचा बाकी होता. त्याआधी रेषांत शिरलेलं निळं निघालं तर निघालं, नंतर ते कायमचं आत.

त्यांची मुलगी नसीम भिवंडीहून आली होती. चाचांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. नसीमआपा चाळिशीच्या, तिकडे शिवणकाम करायच्या, बापाइतक्याच हट्टी. त्यांनी आल्या दिवशीच सांगितलं, "अब्बा, तुम्ही माझ्याबरोबर यायचं. सर दिवसभर ओतूरला. तुम्ही खाली पडलात तर कुणाला कळणार?"

"हात हाय तवर दुकान हाय," चाचा म्हणाले.

"हात कुठाय?" आपा म्हणाल्या, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. पण शब्द निघून गेला होता.

चाचांनी निळी बॉडी पुढे ओढली. "ही उजवी बाजू. पाच रेषा. परवा सांजपतुर ह्या मी साफ केल्या तर मी हितं ऱ्हानार. न्हाई झाल्या तर तुज्या संगं येनार. पुना बोलायचं न्हाई." आपांनी मान हलवली. मी साक्षीदार.

पहिल्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी एक रेष साफ केली. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरायचे, श्वास रोखून काडी दोन सूत ओढायचे, आणि थांबायचे. घाम टपकू नये म्हणून कपाळाला फडकं बांधलेलं. दुसरी रेष अर्धी झाली आणि बोटं मिटेनात. दुसऱ्या दिवशी मी ओतूरला गेलो तेव्हा ते पुन्हा बसले होते. मला वाटत होतं ते हरणार, आणि ते हरू नयेत म्हणून मी एसटीत देवाला जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं.

संध्याकाळी आलो तर चाचा बॉडी उजेडाला धरून बसलेले. उजव्या बाजूच्या पाचही रेषा साफ. मी ओरडलोच, "चाचा, जिंकलात!"

"तुमी केलं का हे?" त्यांनी विचारलं. मग माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "न्हाई. तुमच्याच्यानं व्हनार न्हाई. तरी इचारलं."

दुपारी औषधाच्या गुंगीत त्यांचा डोळा लागला होता. उठले तर काम झालेलं. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज येत होता, आणि आपा काही बाहेर येत नव्हत्या.

"बेटा," चाचांनी हाक मारली. "सामान बांध."

आपा दारात आल्या. "पण साफ झालंय ना, अब्बा. तुम्ही जिंकलात."

"मी काडी उचलत उचलत ओढतो. ही एका दमात वरनं खाली ओढलीया. धा वर्सांची व्हतीस तवा काचंवर ब्लेडबी असंच ओढायचीस, आन मी वरडायचो. हात लई चांगला ऱ्हायलाय तुजा." त्यांनी बॉडी खाली ठेवली. "पन मी हरलो."

आपा रडायला लागल्या. "तुम्हाला हरलेलं बघवत नाही आणि इथं एकटं टाकून जाववत नाही. मग मी काय करायचं, सांगा ना!" मला त्या क्षणी चाचांचा संताप आला. एवढ्या मायेने केलेलं काम, पोरीचं मन राखायला तरी आपलं म्हणायचं होतं. कोण बघायला आलं होतं? पण हा प्रश्न ह्या माणसाला विचारून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडलं. खिडकीतून ते मला म्हणाले, "उजवी बाजू पोरीची. डाव्या बाजूला हात लावायचा न्हाई, सर. तिकडं पांढरा भरायचा न्हाई. ती माजी हाय."

नंतर आठ महिने शटर बंद. किल्ली माझ्याकडे. निळी बॉडी मी धुळीपासून जपून फडक्यात बांधून ठेवली, आणि रविवारी जुन्याच बॉडीवर गाडी पळवली. मधे एकदा ती बॉडी काढून काडी हातातही घेतली होती. नाही लावली. खरं सांगायचं तर धाडस झालं नाही.

आपांचे फोन यायचे. चाचा घरात एक मिनिट स्वस्थ बसत नव्हते. कोल्ड्रिंकच्या बाटल्या कापून त्यांचं प्लास्टिक रंगवायचे आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर डाव्या हाताने खरवडायचे. "जेवतात उजव्यानेच, कितीही सांडलं तरी. डाव्याने घास घेणार नाहीत," आपा म्हणाल्या. "पण काडी डाव्यात. माझा एक खराटा संपवला, सर." मी चाचांना फोनवर विचारलं, कसं काय? ते म्हणाले, "अजून ओलं हाय."

थंडीत एका सकाळी मी कॉलेजला निघालो होतो, तर चाचा पाठीला एक पिशवी लावून गल्लीतून येत होते. एकटे. भिवंडीहून पहाटेची गाडी धरलेली. अंगात नुसता सदरा. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "उजव्या बाजूची बोली हरलो, ती फेडली. आता डावी बाजू. पोरीला सांगून आलोय. आज न्हाई झालं तर संध्याकाळच्या गाडीनं परत, आन किल्ली तुमी दुकानाला नवा भाडेकरू शोधून त्याला द्यायची."

मी रजा टाकली. दुकानापुढे उन्हात सतरंजी घातली. आठ महिन्यांचा रंग प्लास्टिकला हाडासारखा धरून बसला होता. पहिल्या रेषेला काडी लागली आणि नुसती घसरली. चाचांनी काडी बदलली. पुन्हा घसरली. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता, तो मधे येऊ नये म्हणून. मग त्यांनी स्पिरिटचा वास लावला, हातातल्या घड्याळाकडे बघत थांबले, आणि डाव्या हाताने काडी टेकवली. निळ्याची एक साल निघाली, केसाएवढी. त्यांनी ती फुंकरीने उडवली आणि पुढची धरली.

दुपारपर्यंत तीन रेषा झाल्या. मी आणलेली भाकरी त्यांनी उजव्या हाताने खाल्ली. अर्धं पिठलं सदऱ्यावर. मी पुसायला गेलो तर "ऱ्हाऊ द्या, सर, ते निघतं," म्हणाले आणि हसले. चौथी रेष चाकाच्या कमानीवरून वळत होती. तिथे हात एकदा घसरला आणि चांगला निळा टवका उडाला. मी डोळेच मिटले. चाचांनी तेवढा टवका ब्रशच्या टोकाने भरला, सुकवला, आणि कड पुन्हा काढली. पाचवी रेष संपली तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. त्यांनी बॉडी उजेडाला धरली. आतून पाहिली, बाहेरून पाहिली. पुन्हा आतून. मला वाटलं, हा माणूस आता काहीतरी खोट काढणार आणि एसटी पकडणार. मी एवढा कधी घाबरलो नव्हतो.

"पोरीला फोन लावा," ते म्हणाले.

मी लावून त्यांच्या हातात दिला. "बेटा, झाली," एवढंच बोलून त्यांनी फोन मला परत दिला. "तुमी सांगा. माज्यावर तिचा इस्वास बसायचा न्हाई."

आपा म्हणाल्या, "सर, खरं सांगा. तुम्ही हात लावलात?"

"नाही."

"शपथ घ्या."

"आईची शपथ. एका जागी बसून होतो. पाचही त्यांनीच, डाव्या हाताने."

पलीकडे शिलाईचं मशीन चालू होतं ते थांबलेलं कळलं. मला वाटलं, त्या रडतायत, किंवा आता भांडतील, की हात चालतो म्हणजे माणूस पडत नाही असं थोडंच आहे. चाचा माझ्याकडे बघत नव्हते. काड्या एकेक पुसून डब्यात ठेवत होते.

"सर," आपा म्हणाल्या, "त्यांचं स्वेटर इथंच राहिलंय. जुन्नरला आता थंडी पडली असेल. उद्याच्या एसटीने पाठवते. गोळ्याही. सकाळची पांढरी, रात्रीची पिवळी. तुम्ही लक्ष ठेवाल ना?"